शिकागोसाठी वीस मिनिटांचा ढोल

शेळगाव, ता. इंदापूर
२४ ऑगस्ट १९९६

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

धिम्... धिम्... धिम्... मी सहा-सात वर्षांचा असेन. आमचा मेंढ्यांचा तळ नीरेच्या अलीकडे पडलेला आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी ढोल वाजवत होतं. माणूस दिसत नव्हता. फक्त तो आवाज पाण्यावरून चालत आल्यासारखा यायचा. आधी बरगडीत शिरायचा, मग कानात. मी आईला विचारलं, "कोण वाजवतंय?" ती म्हणाली, "आपलंच कोणतरी आसंल." एवढंच. साठ वर्षं झाली. तुझी कॅसेट टू-इन-वनमध्ये घातली आणि पहिल्यांदा तेच वाक्य आठवलं.

तुझी काकू चुलीपुढून ओरडली, "आवं, गिरण सुरू झाली का काय? दळाण घिऊन जाऊ का?" मी म्हटलं, गिरण नव्हे, शिकागोचं गाणं आहे, आपल्या करुणानं पाठवलंय. मग सारजा चुलीपुढून उठून आली, पदराला हात पुसले, पाच मिनिटं ऐकलं. म्हणाली, "गाणारी बाई बरी हाय. पर एकच वळ कितीदा म्हणती? म्होरलं इसरली का काय?" मग तिथंच जोंधळे पाखडायला बसली, आणि मी पाहिलं, सूप अगदी ठेक्यावर चाललं होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर थांबली असती.

मी मात्र बोटांवर मात्रा मोजल्या. आठ आणि आठ, आठ आणि आठ. अगं, हे तर पादाकुलक वृत्त! तू चौथीत असताना अभ्यासक्रमात नसूनही फळ्यावर मांडून दाखवलं होतं, आठवतं? तुझी आई तेव्हा इथल्या दवाखान्यात नर्स होती आणि तू आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसायचीस. निवृत्त मास्तरला काम नसतं, म्हणून मीही दोन ओळी जुळवल्या:

दूर तिथे तू, दूर इथे मी,
मधे समुद्र नि एकच ठेका.

काकूचा अभिप्राय: "बरं हाय, पर पोटाला काय?"

आता शंका. तू लिहिलंस, 'मी एका मोकळ्या मैदानातल्या पार्टीला गेले.' आमच्या बारामती-इंदापुराकडे पार्टी म्हणजे निवडणुकीआधीचं मटण. तिकडची कसली? आणि त्या संगीताचं नाव हाऊस, तर ते वाजवायला माणसं घराबाहेर का जातात? सविस्तर लिही. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
गेणू मास्तर

*

शिकागो
१८ सप्टेंबर १९९६

आदरणीय गुरुजी आणि काकू,
सप्रेम जय भीम.

काकूंचा गिरणीचा अभिप्राय मी इथं सगळ्यांना सांगितला. डोलोरेसबाई (त्या कोण ते पुढे लिहिते) इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं मक्याचं कणीस पडलं.

आता नीट सांगते. इथं तळ्याकाठी मोठी बाग आहे. तळं म्हणजे आपल्या उजनीच्या कितीतरी पट, पलीकडचा काठच दिसत नाही. जुलैत एक दिवस मी तिथून चालले होते. झाडांखाली तंबू, घडीच्या खुर्च्या, लोखंडी शेगड्यांवर मांस भाजलं जातंय, पोरं दोरीवरच्या उड्या मारतायत, म्हातारे सोंगट्या खेळतायत. मधोमध एका छताखाली दोन तबकड्या आणि माझ्याएवढे उंच स्पीकर. आणि सगळे नाचतायत! आजी, नातवंडं, पोट सुटलेले बापे. जवळजवळ सगळे इथले काळे लोक. मी कडेला उभी, अंगावर पंजाबी ड्रेस, हातात भाजीची पिशवी. तर खुर्चीतल्या एका बाई म्हणाल्या, "उभी का? बस. जेवलीस का?"

गुरुजी, या देशात आल्यापासून 'जेवलीस का' मला पहिल्यांदा कुणी विचारलं.

त्या डोलोरेसबाई. तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यांनी सांगितलं, हे संगीत इथलंच. वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या गोदामातल्या क्लबात सुरू झालं म्हणतात, नावही तिथूनच पडलं, गोदाम म्हणजे वेअरहाऊस, त्यातलं हाऊस. तेव्हा नाचणारी पोरं आता आई-बाप झाली. पोरांना क्लबात नेता येत नाही, म्हणून क्लबच बागेत आणला. मला चौदा एप्रिलची आपली वस्ती आठवली. तिथंही स्पीकर असतात, पण खरी गोष्ट असते ती प्रत्येक घरातून येणारं पातेलं.

वाजवणारा रेजी. आठवडाभर टपाल वाटतो, होय, पोस्टमन आहे! त्याची करामत अशी की एक गाणं संपायच्या आधी दुसरं त्याच्या खाली हळूच सुरू होतं. ठेका तुटतच नाही. तो दमला की दुसरा येतो, तबकडीवरचे हात बदलतात, नाचणाऱ्याला कळतही नाही.

सूर्य मावळायच्या आत आवाज बंद करायचा असा बागेचा नियम आहे. वेळ झाली आणि पोलीस आला. मला वाटलं आता भांडण. पण रेजीनं फक्त एक बोट वर केलं, 'एवढं एक.' पोलीस कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्या एका गाण्याला अकरा मिनिटं लागली. तो थांबला. शेवटी शेवटी त्याचा बूट हलत होता. ठेका जमिनीवर अलगद टेकला, तेव्हा कुठं तो म्हणाला, "चला आता घरी." मला तुमचा वर्ग आठवला. घंटा झाली तरी कविता पुरी केल्याशिवाय तुम्ही सोडायचा नाहीत. बाहेर पाचवीची पोरं ताटकळत उभी, आणि आम्ही शेवटचं कडवं म्हणतोय.

आता मुद्दा. इथली रीत आहे, पहिल्या वर्षी पाहुणा, दुसऱ्या वर्षी एक पदार्थ आणि एक आवाज घेऊन यायचं. आपल्या घरचा. रेजी तो आपल्या गाण्यात मिसळतो. मी काहीच विचार न करता सांगून टाकलं, आमच्या गावच्या धनगरी गजी नाचाचा ढोल आणते. त्यानं यादीत लिहिलंसुद्धा, 'करुणा, वीस मिनिटं.' पुढच्या जुलैसाठी. फक्त वीस मिनिटं सलग हवीत, मध्ये तुटता कामा नयेत. झुंबरतात्या अजून वाजवतात ना? त्यांच्या ढोलावर माणसं रुमाल उडवत गोल फिरायची, ते मला अजून दिसतं.

आम्ही दोघं मजेत.

तुमची,
करुणा

*

शेळगाव
६ जानेवारी १९९७

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण सोबत आहे. ही कॅसेट कापसात गुंडाळून, त्यावर काकूच्या जुन्या परकराचा तुकडा शिवून पाठवतो आहे. पोस्टातल्या बाबूने विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "वीस मिनिटं." तो माझ्याकडे बघतच राहिला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या जोतीराम गुरुजींनी मोठ्या पोरांचा गजी बसवला. दोन ढोल, झांजा, रुमाल, सगळं रीतसर. सुरुवातीला "हं, करा सुरू" असा जो आवाज येतो तो माझा. मधे एकदा म्हैस ओरडते, तिला इलाज नव्हता.

झुंबर आता माळेगावला असतो, मुलगा तिथल्या साखर कारखान्यात आहे. म्हातारा माणूस. त्याला कशाला त्रास द्यायचा, असा विचार केला.

तू 'आम्ही दोघं मजेत' लिहितेस. पण चार पानांच्या पत्रात जावईबापू अनुपराव एकदाही जेवायला बसलेले दिसले नाहीत. मास्तर आहे मी, हजेरी घ्यायची सवय आहे.

बाकी थंडी चांगली आहे. हुरडा झाला. तुझ्या वाटचा काकूने खाल्ला.

तुझा,
गेणू मास्तर

*

शिकागो
२ फेब्रुवारी १९९७

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जय भीम.

कॅसेट मिळाली. परकराचा तुकडा मी जपून ठेवलाय, काकूंना सांगा.

बाहेर गुडघाभर बर्फ, आणि डोलोरेसबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं. त्या, रेजी आणि मी. तुमचा आवाज आला, "हं, करा सुरू", आणि मला एकदम सरळ बसावंसं वाटलं. म्हैस सगळ्यांना आवडली. रेजी म्हणतो, ती ठेवूच.

पण गुरुजी, खोटं कशाला लिहू? डोलोरेसबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरं चांगली आहेत. पण घड्याळाकडे बघून वाजवतायत."

मला ते पटलं, कारण झुंबरतात्या तसे वाजवत नसत. मी त्यांना शेवटचं ऐकलं ते इंदापूरला, तालुक्याच्या कलामहोत्सवात. मी चौथीत होते, आपली शाळा सतरंजीवर पुढेच बसली होती. काय रंगला होता गजी! मग तुम्ही शिट्टी वाजवलीत आणि आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्या काठी वर धरून तसेच उभे होते. मला वाटलं, शेवट असाच असतो. किती छान, हात हवेत ठेवून संपवायचं.

एकदा त्यांना विचारून बघाल का? माळेगाव लांब नाही. मीच त्यांना पत्र टाकू का?

अनुप सोमवारी विमानाने जातो आणि गुरुवारी रात्री येतो, दुसऱ्या गावातल्या बँकेचं काम आहे. मला इथं नोकरीची परवानगी नाही. हजेरीत सापडले, काय करणार!

तुमची,
करुणा

*

शेळगाव
१० मार्च १९९७

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

पत्र टाकू नकोस. आधी माझं ऐक.

तो शेवट नव्हता.

मी आणि झुंबर एका तळावर वाढलो, एका घोंगडीत झोपलो. मी शाळेच्या वाटेला लागलो, तो ढोलाच्या. माझी बदली होईल तिथं तो भेटायला यायचा आणि माझ्या वर्गाबाहेर बसून कविता ऐकायचा. म्हणायचा, "तुजं बी ढोलच हाय की गेण्या, निस्तं तोंडानं."

त्या कलामहोत्सवात मला वेळ मोजायला बसवलं होतं. प्रत्येक संघाला बारा मिनिटं. शेळगावचा संघ आला आणि मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, "आता बघा, मास्तर गाववाल्यांना किती येळ देतोय." ते माझ्या कानात शिरलं. मी प्रामाणिक माणूस आहे ना! बारा मिनिटं झाली, मी शिट्टी वाजवली.

गजीचा ठेका असा तोडत नसतात, करुणा. ढोलवाला स्वतः तो उतरवत आणतो. तीन फेरे, प्रत्येक आधीच्यापेक्षा संथ. मग ढोलावर भंडारा उधळतात, सगळे देवाचं नाव घेतात, तेव्हा तो संपतो. तोवर बिरोबा नाचात उभा असतो अशी आमची समजूत. मी त्याला उभा ठेवून सगळ्यांना घरी पाठवलं.

झुंबरची काठी वर राहिली ती तू पाहिलीस. मग तो माझ्या टेबलाजवळ आला, सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुज्या वर्गात घंटा झाली तर तू कविता आर्धी सोडतूस का रं?"

मला उत्तर येत होतं. तुलाही येतं, तू ते सप्टेंबरच्या पत्रात लिहिलं आहेस. पण मी हातातल्या कागदाकडे पाहून पुढच्या संघाचं नाव पुकारलं.

त्यानंतर तो माझ्या दारी आला नाही. मीही गेलो नाही. अठरा वर्षं होतील. त्याने ढोलही खांद्याला लावला नाही, असं ऐकतो. तू सहज लिहिलंस, की तुझा तो पोलीस अकरा मिनिटं थांबला. परका माणूस, कमरेला पिस्तूल. त्याला जमलं. ते वाचून मी पत्र घडी करून उशाखाली ठेवलं आणि तुला शाळेच्या पोरांची कॅसेट पाठवली.

सारजाला हे सगळं काल वाचून दाखवलं. म्हणाली, "आठरा वर्सं मी हेच सांगत हुते. माज्या सांगण्याला तिकीट न्हवतं, म्हणून पोचलं न्हाय."

माळेगावला जायचं ठरवलं आहे. पण पाय उचलत नाही. काय म्हणून दारात उभा राहू?

तुझा,
गेणू मास्तर

*

शिकागो
२९ मार्च १९९७

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जय भीम.

मी टाळ्या वाजवल्या होत्या. मलाही तात्यांची माफी मागायची आहे. माझ्या वतीनेही मागा.

डोलोरेसबाईंना विचारल्याशिवाय राहवलं नाही. त्या म्हणाल्या, बागेत दोन भांडलेली माणसं आली की त्या समजूत घालत नाहीत. गाडीपासून तंबूपर्यंत बर्फाची जड पेटी आणायची असते, तिच्या दोन कड्या दोघांच्या हातात देतात. वाटेत बोलावंच लागतं. निदान 'डावीकडे घे' तरी. "तुझ्या मास्तरांना सांग," म्हणाल्या, "भाषण तयार करून जाऊ नका. काहीतरी जड घेऊन जा."

जा ना गुरुजी. कॅसेटचं राहू दे.

तुमची,
करुणा

*

शेळगाव
४ मे १९९७

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो.

जड काय न्यावं? शेवटी वीस किलो बाजरीचं पोतं घेतलं. यष्टीत कंडक्टर कुरकुरला, बारामतीच्या स्टँडवर हमालाने पैसे मागितले, माळेगावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा कंबर राहिली होती शेळगावात. कारखान्याच्या कामगारांच्या चाळीत त्याचं घर. दारात धोंडाबाई मेथी निवडत बसलेली. झुंबरची बायको, तिला तू पाहिलं असशील. वर पाहिलं आणि म्हणाली, "कोण, मास्तर? आज कुणाची येळ मोजायला आलासा?"

मी म्हटलं, "वैनी, पोतं लई जड हाय, कुणीतरी धरा."

आतून आवाज आला, "धोंडे, कोण हाय?" आणि तो बाहेर आला. करुणा, वाळला आहे गं. पण डोळे तेच. त्याने पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने एक कोपरा धरला. उजवा हात तसाच लोंबत होता. दोघांनी पोतं उंबऱ्याच्या आत घेतलं. "हिकडं घे," तो म्हणाला. डोलोरेसबाई शहाणी बाई आहे.

मी तयार केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, "झुंबर, तवा माझ्याकडं उत्तर हुतं. मी दिलं न्हाय."

तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. एका हाताने, मांडीवर. मग म्हणाला, "राग व्हय? राग चार-पाच वर्सांत इरला. मग वाट बघितली. मग वाट बघायची बी सवं मोडली. आन् मग ह्यो हात गेला." चार वर्षांपूर्वी उसाच्या ट्रेलरवरून पडला, खांदा मोडला. कोपराच्या वर हात उचलत नाही. "आता तू म्हणतूस वाजीव. कशानं वाजवू?"

ढोल भिंतीला टांगलेला, घोंगडीत गुंडाळलेला. मुलाला त्याचा नाद नाही, त्याला ड्यूटी असते. मी घोंगडीवर नुसता हात ठेवला. त्या ठेक्याचे ते तीन उतरते फेरे आमच्या भागात त्याच्याशिवाय कुणाला येत नाहीत. त्याच्या वडिलांनी त्याला दिले, त्याने कुणालाच दिले नाहीत, कारण अठरा वर्षं तो वाजवतच नव्हता. म्हणजे मी त्या दिवशी नुसता एक कार्यक्रम थांबवला नव्हता.

तुझ्या पार्टीचं त्याला सगळं सांगितलं. पोस्टमन वाजवतो हे ऐकून हसला. पोलिसाचं सांगितलं तेव्हा हसला नाही. "अकरा मिन्टं?" त्याने दोनदा विचारलं.

चहा झाला, मेथीची भाजी झाली. निघताना तो फाट्यापर्यंत आला. भेट झाली, ते माझं भाग्य. पण तुझी वीस मिनिटं माझ्याकडे नाहीत, पोरी. रेजीला तसं कळव. त्याला म्हणावं, चूक ढोलवाल्याची नाही.

तुझा,
गेणू मास्तर

*

शिकागो
२३ मे १९९७

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी डोलोरेसबाईंच्या ओसरीवर मोठ्याने वाचलं, इंग्रजीत करत करत. 'डाव्या हाताने एक कोपरा धरला' इथे त्यांनी चष्मा काढला.

रेजी म्हणतो, यादीतलं नाव खोडणार नाही. गाणी बदलून बघेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी थालीपीठं घेऊन जाईन, आणि अनुपने त्या शनिवारची रजा... नाही, शनिवारी सुट्टीच असते, पण त्या शनिवारी 'झोपणार नाही' असं वचन दिलंय. तो पहिल्यांदाच येणार आहे.

पार्टी जुलैच्या पहिल्या शनिवारी. हे मी उगीच लिहितेय, पण वीस जूनपर्यंत टाकलेलं टपाल वेळेवर पोहोचतं असं रेजी म्हणाला. पोस्टमन आहे, त्याला माहीत असणार.

तुमची,
करुणा

*

शेळगाव
१८ जून १९९७

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

थालीपिठाच्या भाजणीत धने भाजून घाल, काकूचा निरोप आहे. अनुपरावांना नाचायला लावू नकोस. आधी जेवायला घाल, पाय आपोआप हलतात.

मी रोज सकाळी तुझी ती पहिली कॅसेट लावतो. सारजा आता गिरण म्हणत नाही. 'करुणाचं लावा' म्हणते. शेजारचा बिरदेव परवा कुंपणापलीकडून ओरडला, "मास्तर, वाढवा की आवाज, आमी बी हितंच हाय!" तेव्हापासून टू-इन-वन खिडकीत ठेवतो. सकाळी सातला आमच्या गल्लीत दात घासणारी सगळी माणसं पादाकुलकात दात घासतात. हे तुझ्या लोकांना सांग. तिकडे न आलेलीही काही माणसं त्यांच्यात आहेत म्हणावं.

झुंबरकडे पुन्हा जायचं मनात होतं, पण त्याचा निरोप आला, 'म्हयनाभर येऊ नगंस.' का, ते काही कळलं नाही. तब्येत बरी नसावी. किंवा त्या दिवशीचं सगळं त्याला नंतर जड गेलं असावं. अठरा वर्षांचं ओझं एका पोत्याने कसं उतरणार? मी आता जास्त अपेक्षा

थांब, कडी वाजते आहे. टपालवाला एवढ्या लवकर येत नाही.

करुणा, हे आता उभ्यानेच लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. दारात धोंडाबाई आहे. एकटी. नऊवारीचा पदर खोचलेला, कपाळाला भंडारा, आणि खांद्याला ढोल. मी ढोल उतरवून घ्यायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. "उचलून आणाया न्हाय आले मास्तर. वाजवाया आले."

मी विचारलं, "झुंबर?"

"यष्टीत वकून हैराण झाल्यात. पाराव बसल्यात पाणी पीत. म्हणालं, तू हो म्होरं, मी हितनं ऐकतू." मग एका दमात सांगितलं, "तुमी गेल्यापासनं रोज शिकीवलंय मला. खाटंव पडून तोंडानं बोल सांगायचं, आन् चुकलं की शिव्या. त्ये तीन फेरं तर कितीदा घटवून घेतलं, इचारू नगासा. सगळी चाळ वैतागली."

सारजा मागून आली होती. ती पुटपुटली, "अगं पर धोंडाबाई, बाईनं ढोल खांद्याला लावायचा नसतू गं..."

"मी बी त्येच म्हणलं. तर म्हणत्यात, 'गेण्यानं नेम पाळला आन् ठेका तुटला. आता आपुन एक मोडू.'"

ती अजून उंबऱ्यातच उभी आहे. सारजा आत चला, आत चला म्हणते आहे, मी कोरी कॅसेट शोधतो आहे, आणि धोंडाबाई ढोलाची दोरी आवळत मला सांगते आहे, "मशीन भाईर आणा मास्तर. ह्यो आवाज घरात मावायचा न्हाय."